डिजिटल सातबाऱ्याला चार स्टार, दुरुस्तीला दोन

आधी पोर्टलबद्दल बोलतो, कारण त्याला शिव्या घालणारेच जास्त. महाभूमी या सरकारी जमीन-नोंदींच्या साइटवर 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड होतो, सही-शिक्का घ्यायला कोणाकडे जावं लागत नाही, सरकारी कामाला चालतो. फुकटवाला नुसता बघण्यापुरता आहे, तो कुठे जोडू नका. पूर्वी याच कागदासाठी आज तलाठी कुठल्या गावाला आहेत इथून सुरुवात व्हायची (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय).

तर आमच्या उताऱ्यात चूक निघाली. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर 0.81 हेक्टर, कॉम्प्युटरवर चढवताना कोणीतरी 0.18 केलं, म्हणजे दोन एकर रान डायरेक्ट अठरा गुंठ्यांवर! घरच्या ग्रुपवर फोटो पडला आणि काका मंडळी सुटलीच, यांना साधे आकडे लिहिता येत नाहीत, सगळा कारभारच भोंगळ, द्या सगळं प्रायव्हेटला. अहो पण याच काकांनी याच साइटवरून बाकीच्या गटांचे उतारे काढून पीक कर्जाला लावलेत, ते बरोबर निघाले तेव्हा फोटो टाकला होता का कोणी? राज्यात अडीच कोटींच्या वर सातबारे आहेत, ते सगळे तलाठ्यांच्या त्या किरट्या अक्षरातून टाइप झालेत, त्यात काही चुकणारच, आणि हे कायद्यालाही माहितीये. जमीन महसूल संहिता 1966 ची, तिच्यात कलम 155 खास लेखनातल्या चुका दुरुस्त करायलाच ठेवलंय. त्यामुळे 81 चे 18 झाले यावरून सरकारला काहीच जमत नाही हे मला पटत नाही.

दुरुस्तीचे माझे पहिले दोन स्टार कापले गेले ते पुढे. चूक ऑफिसात झाली, मूळ रेकॉर्ड पण त्यांच्याच अभिलेख कक्षात, तरी पुरावा आम्ही आणायचा, त्यांच्याच कागदाची नक्कल फी भरून काढून त्यांनाच द्यायची! वर किती दिवस लागतील विचारलं तर साहेब मीटिंगला. तिसरा स्टार गेला तो पोच मागितल्यावर क्लार्कने जे तोंड केलं त्याचा. हे टाइप करताना बोट घसरण्यातलं नाही, ही तिथली रीतच आहे, तिला शिव्या घाला मी पण येतो. पण तीसुद्धा त्या एका कचेरीची, कारण शेजारच्या तालुक्यात मावसभावाची अशीच चूक होती, त्याने ई-हक्क या सरकारी साइटवरून ऑनलाइन अर्ज टाकला, तलाठीबाईंनी स्वतःच जुनं दप्तर काढून अहवाल लावला आणि तहसीलदारांचा आदेश झाला. कलम तेच, सरकार तेच, टेबलवरची माणसं वेगळी. आता यातलं सरकार कुठलं धरायचं, काकांनी सांगावं.

आमची दुरुस्ती झाली शेवटी, फेरफार (म्हणजे बदलाची नोंद) पण धरला गेला.

कोणाला करायची असेल तर हस्तलिखित सातबाऱ्याची आणि मूळ फेरफाराची नक्कल आधीच काढून ठेवा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) वरचं क्षेत्र पण ताडून बघा नाहीतर तिथे जुनाच आकडा राहतो, आणि अर्जावर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या, कितीही तोंडं केली तरी.