अंबडचे गॅरेज, जुनी एमएम 540 आणि न बदललेले इंजिन

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका जुन्या डिझेल गॅरेजात माझी महिंद्रा एमएम 540 जीप या पावसाळ्यात नऊ आठवडे उभी होती. त्या गॅरेजच्या कामाविषयी हा अभिप्राय आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे गॅरेजचे नाव घेत नाही. जुन्या जीपा बाळगणाऱ्या नाशिककरांना ते वर्णनावरून ओळखता येईलच.

गाडी तिथे नेली तेव्हा माझे म्हणणे एकच होते: हे इंजिन काढा आणि दुसरे, मोठे बसवा. जीपमध्ये मूळचे प्यूजो एक्सडीपी 4.90 हे 2112 सीसीचे डिझेल इंजिन आहे; नावातला 4 म्हणजे चार सिलिंडर आणि 90 म्हणजे सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास. नवेपणी ते साधारण 62 अश्वशक्ती देत असे. अलीकडे ते ऑइल खात होते, ब्रीदर मारत होते, म्हणजे झिजलेल्या सिलिंडरांतून निसटलेला वायू बाहेर फेकत होते, आणि कसारा घाटात मागच्या ट्रकवाल्याला आपली कीव यावी अशा वेगाने चढत होते.

मोठ्या इंजिनाची कल्पना रविवारच्या मिसळीवर पक्की झाली होती. आम्ही सात-आठ जण गंगापूर रोडवर सकाळी जमतो. निम्मे जीपवाले आहेत, निम्मे सायकलवाले, आणि दोन्ही छंद असलेले माझ्यासारखे दोघे-तिघे. सातपूरच्या महिंद्रात नोकरीची सगळी वर्षे काढलेले एक काका आमच्यात आहेत. त्यांचे मत असे की बदलायचेच असेल तर त्याच प्यूजो घराण्यातले 2498 सीसीचे एक्सडी3पी घ्यावे, कारण आर्माडात आणि सुरुवातीच्या बोलेरोत ते चालले आहे आणि त्याचा स्वभाव ओळखीचा आहे. दुसरा पक्ष 2523 सीसीच्या डीआय, म्हणजे डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनाचा. आमच्यातल्या एका बागाईतदार मित्राने आपल्या जीपमध्ये ते टर्बोसकट बसवले आहे आणि दिंडोरीकडच्या मळ्यातल्या चिखलातून द्राक्षाच्या क्रेटांनी भरलेला ट्रेलर तो सहज ओढून आणतो, हे मी स्वतः पाहिले आहे. या इंजिनाचे मूळ इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनात आहे आणि त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 101.6 मिमी आहे; प्यूजोचा 83 मिमी. त्यामुळे इंजिनाच्या कमी फेऱ्यांत ते बैलासारखे ओढते, पण त्याची थरथर आरशापासून दातांपर्यंत पोहोचते. तिसरा पक्ष तरुणांचा: कॉमन रेल हे नव्या जमान्याचे इंजिन, ते चालवणारा ईसीएम हा संगणक आणि सगळे वायरिंग उचलून आणायचे. काकांनी यावर नुसती पावाची लादी पुढे सरकवली.

मला त्या बागाईतदाराच्या जीपचा हेवा वाटत होता, हे कबूल करायला हवे. डीआय टर्बो बसवायचे मनात पक्के करूनच मी अंबडला गेलो.

गॅरेजचे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न टायरांविषयी विचारला. मूळच्या 6.00-16 टायरांच्या जागी मी दोन वर्षांपूर्वी 31 इंची रुंद टायर घातले होते. दिसायला गाडी रुबाबदार झाली होती. मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, इंजिन नंतर बघू. आधी हे उतरवा. तुम्ही गाडीला वरचा गिअर कायमचा लावून ठेवला आहे.’’ मला ते पटले नाही. इंजिन बदलायचे काम टाळण्यासाठी म्हातारा काहीतरी सांगतो आहे, असेच वाटले. तरीही इंजिन उतरवून, उघडून मोजल्याशिवाय काहीच ठरवायचे नाही, एवढ्यावर आमचे जमले.

चार दिवसांनी त्यांनी बोलावून घेतले. चारही सिलिंडर बोअर गेजने मोजून आकडे खडूने पाटीवर लिहून ठेवले होते. सर्वांत जास्त झीज वरच्या टोकाला 0.3 मिमी, ब्लॉकला तडा नाही, हेड सरळ, क्रँक पहिल्यांदाच ग्राइंड करण्याजोगा. त्यांच्या मते हे इंजिन बोअर करून, म्हणजे सिलिंडर थोडे रुंद कोरून, 0.5 मिमी ओव्हरसाइज (मोठे) पिस्टन घालून, पंप-नोझल कॅलिब्रेट करून पुन्हा उभे राहणार होते. डीआय बसवायला त्यांनी चक्क नकार दिला. कारणे त्यांनी एकेक करून दाखवली: इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी बेल हाउसिंग बदलावी लागेल, इंजिन ज्यावर बसते ती फाउंडेशन कापून नवी वेल्ड करावी लागतील, चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलेल, पुढच्या स्प्रिंगांवर वजन वाढेल, आणि एवढे करून थांबवण्यासाठी चारही चाकांना मूळचे ड्रम ब्रेकच राहतील. ‘‘ओढणारं इंजिन कुणीही बसवून देईल. थांबवणार कोण?’’ हे त्यांचे वाक्य.

शेवटचे कारण कागदांचे होते, आणि आमच्या मिसळीच्या चर्चेत त्याचा उल्लेख कुणीच केला नव्हता. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या 52 व्या कलमानुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ कायम केला. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. पेठ रोडच्या आरटीओत तपासणीला गाडी उभी राहील तेव्हा नोंदणी पुस्तकातला इंजिन क्रमांक एक आणि ब्लॉकवरचा दुसरा, असे झाल्यावर काय उत्तर देणार, हा प्रश्न त्यांनी मला विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. हातात आलेले मोठे काम गॅरेजवाल्याने स्वतःहून नाकारावे, हे मी या शहरात फार कमी पाहिले आहे. या गॅरेजला माझ्याकडून सर्वाधिक गुण याच एका गोष्टीसाठी आहेत.

पंचवीस दिवसांचा वायदा होता. त्याचे नऊ आठवडे झाले. ग्राइंडिंगला गेलेला क्रँक बारा दिवस दुसऱ्याच्या दुकानात पडून राहिला, पिस्टनचा संच एकदा चुकीच्या मापाचा आला, आणि मग गणपती. उशिराबद्दल माझी फारशी तक्रार नाही; जुन्या गाडीचे सुटे भाग आज मागितले की आज मिळत नाहीत. तक्रार आहे ती निरोपाची. एकदाही त्यांनी आपणहून फोन केला नाही. मी विचारले की ‘‘होतंय, साहेब’’ हे उत्तर ठरलेले असे आणि प्रत्यक्ष जाऊन पाहिले की ब्लॉक त्याच फळीवर, त्याच फडक्याखाली दिसे.

या नऊ आठवड्यांत मी सायकलवर होतो, आणि मिस्त्रींचे टायरांविषयीचे म्हणणे मला तिथे समजले. म्हणून तो भाग या अभिप्रायात घेतो आहे. नाशिकमध्ये सायकल चालवणे हे आता कुणाला समजावून सांगावे लागत नाही. इथल्याच महाजन डॉक्टर बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हापासून तर नाहीच. माझी मजल अर्थात त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन येण्याची, आणि वर्षातून एखादे 200 किलोमीटरचे ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत जेमतेम पुरे करण्याची. जीप नसल्यामुळे मात्र कामावर जाणेही सायकलनेच होऊ लागले, आणि रविवारी पेठ रस्त्याने सावळघाटापर्यंत जाण्याची सवय लागली.

घाटाच्या एका वळणावर मी दर वेळी उतरत असे. पुढे पेडलपाशी सर्वांत लहान चक्र 34 दातांचे, मागे सर्वांत मोठे चक्र 28 दातांचे. पायांचा वेग मिनिटाला साठ फेऱ्यांवर ठेवायचा तर त्या गिअरमध्ये सायकल ताशी नऊ किलोमीटरच्या वर पळावी लागते, आणि त्या चढावर तेवढा वेग राखण्याची ताकद माझ्या पायांत नाही. मग फेऱ्या कमी होतात, गुडघ्यावर जोर येतो आणि माणूस उतरतो. सोबतच्या मुलाने 11-32 चे कॅसेट, म्हणजे 11 ते 32 दातांच्या मागच्या चक्रांचा संच, लावायला सांगितले. ते आमच्या कॉलेज रोडच्या सायकल दुकानात बसवून घेतले, तेव्हा दुकानदाराने आधी डिरेलरची, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राची, क्षमता मोजली: पुढच्या चक्रांतला फरक 16 आणि मागच्यांतला 21 मिळून 37 दात, आधी ते 33 होते. त्यामुळे लांब दांड्याचा डिरेलर आणि दोन कड्या जास्त लांब साखळी घ्यावी लागली. पुढच्या रविवारी त्याच वळणावर, पावसात, त्याच पायांनी, ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने मी न उतरता वर गेलो. पाय बदलले नव्हते.

वर टपरीवर चहा घेताना मी टायरांचा हिशेब मनात मांडला. मूळच्या टायरचा व्यास सुमारे 728 मिमी, माझ्या रुबाबदार टायरचा 787. म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी आठ टक्के जास्त अंतर कापणार आणि प्रत्येक गिअर तेवढाच जड होणार. सायकलवर अठ्ठावीसऐवजी बत्तीस दात लावून मी जे मिळवले, त्याच्या उलट दिशेने मी जीपला दोन वर्षे चालवत होतो, आणि ती चढत नाही म्हणून इंजिनाला दोष देत होतो. एवढेच नव्हे, तर स्पीडोमीटरवर 60 दिसताना गाडी प्रत्यक्षात 65 च्या जवळ पळत होती, आणि किलोमीटर कमी मोजले जात असल्यामुळे ॲव्हरेज घसरल्याची माझी ओरड काही अंशी खोटीच होती. दुसऱ्याच दिवशी मी मिस्त्रींना फोन करून जुन्या मापाचे टायर चढवायला सांगितले. ते म्हणाले, ‘‘आणून ठेवलेत.’’

गाडी नवरात्राच्या आधी ताब्यात आली. अंदाज 78,000 रुपयांचा होता, बिल 96,400 रुपयांचे झाले. वाढीव रकमेतला मोठा वाटा क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रेडिएटरच्या नव्या कोअरचा आहे. इंजिन उतरलेले असताना हे करून घेणे शहाणपणाचे होते, पण करण्याआधी विचारायला हवे होते. मजुरीची पावती हाताने लिहिलेली मिळाली, सुट्या भागांची बिले मात्र दुकानांची, मूळ. काढलेले सगळे जुने भाग, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, एका पोत्यात भरून त्यांनी माझ्या हवाली केले. हे न मागता करणारे गॅरेज विश्वासाचे समजावे.

इंजिनाचे काम उत्तम आहे. सकाळच्या गारव्यात हीटर प्लग तापू दिले की पहिल्या सेल्फला चालू होते. या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी छोट्या कक्षात फवारले जाते. तिथे उष्णता बरीच निघून जाते, म्हणून प्लगांवाचून ते थंडीत रुसते, आणि त्याच रचनेमुळे डीआयपेक्षा मऊही वाजते. पहिल्या 500 किलोमीटरनंतर ऑइल बदलले, 1,000 किलोमीटरपर्यंत ओझे टाकले नाही, आणि मग कसारा घाट चढून इगतपुरीला आलो. पूर्वी जिथे दुसरा गिअर लागत असे तिथे बराच वेळ तिसरा टिकला, आणि तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. बोअर वाढल्यामुळे इंजिनाची क्षमता 2112 वरून सुमारे 2135 सीसी झाली आहे. मोठे इंजिन बसवण्याची माझी हौस अशी तेवीस सीसीवर भागली. रविवारी हे सांगितल्यावर डीआयवाल्या मित्राने माझे जुने 31 इंची टायर निम्म्या किमतीत घेतले. त्याच्या इंजिनाला ते पेलतील, याविषयी वाद नाही.

उणीव एक राहिली आहे. क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपते; रात्रभर गाडी उभी केली की फरशीवर रुपयाएवढा डाग पडतो. नव्या सीलला बसायला वेळ लागतो, असे मिस्त्री म्हणतात. मला ते पटत नाही, कारण डाग महिनाभरात लहान झालेला नाही, आणि सील बदलायचे तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागणार. मजुरी घेणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितले आहे. किती दिवस लागतील ते सांगितलेले नाही. ज्यांना घाई आहे किंवा दुसरे वाहन नाही, त्यांनी या गॅरेजकडे जाण्याआधी विचार करावा. मी पुढच्या मंगळवारी गाडी नेऊन सोडणार आहे, आणि परत येण्यासाठी सायकल मागच्या बाजूला टाकूनच नेणार आहे.