टॅली पुरे, क्लाउड घ्यावं की ईआरपी? जळगावच्या डाळमिलवाल्यासाठी

जळगाव एमआयडीसीतली डाळमिल वडिलांकडून मुलाच्या हाती आली की वर्षाच्या आत एक प्रश्न निघतोच: टॅलीवरच (ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं हिशोबाचं सॉफ्टवेअर) चालू ठेवायचं, मोबाइलवर दिसणारं, डेटा इंटरनेटवर ठेवणारं क्लाउडवालं काही घ्यायचं, की सरळ ईआरपी (खरेदी, गोदाम, उत्पादन, हिशोब एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर) बसवायचं? विकायला येणारे सगळे एकच सांगतात, "शेठ, सगळं एका क्लिकवर." ते क्लिकचं बाजूला ठेवा. आधी आपला पैसा नेमका कुठे अडकतो आणि कुठे गळतो, ते बघा.

डाळमिलमध्ये तो गळतो उताऱ्यात, म्हणजे तुरीतून शेकडा किती डाळ निघते त्यात. रोज १०० क्विंटल तूर भरडली आणि उतारा एका टक्क्याने घसरला, तर रोजची एक क्विंटल डाळ चुनी-भुशात (चुरा आणि टरफलात) गेली. ती विकली जाते, पण गुरांच्या खाद्यात, ढेपेच्या रांगेत, डाळीच्या भावात नाही. हे कळायला कोणत्या गाडीची तूर, कोणत्या दिवशी तेल-पाण्याला गेली, किती दिवस वाळली, त्यातून डाळ, खंडा (तुटकी डाळ), चुनी किती निघाली, हा धागा जुळावा लागतो. माल चार-पाच दिवस अंगणावर वाळत असतो तेव्हा तो ना तुरीच्या साठ्यात धरलेला असतो, ना डाळीच्या. बहुतेकांच्या हिशोबात हा वाटेतला माल कुठेच नसतो, आणि वर्षअखेरीला फरक "घट" म्हणून मारला जातो.

ईआरपीची खरी ताकद इथे आहे. काट्यावरचं वजन एकदा नोंदलं की तीच नोंद खरेदीत, गोदामात, उत्पादनात आणि पार्टीच्या खात्यात जाते. लॉटनिहाय (मालाच्या एकेका खेपेचा) उतारा आठवड्याच्या आत समोर येतो. पण काट्यावर बसलेल्या माणसाने कागदावर लिहून संध्याकाळी ऑफिसात एकदम चढवायचं ठरवलं, तर लाखांचं ईआरपी ही महागडी वही होते. शिवाय बसवून घ्यायला वेळ लागतो, प्रत्येक बदलाला पैसे लागतात, आणि ते शिकलेला पोरगा पुण्याला निघून गेला की पुन्हा पहिल्यापासून.

टॅलीचं मोठं भांडवल म्हणजे माणसं. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही जा, टॅली येणारा ऑपरेटर मिळतो, सीएकडे डेटा जसाच्या तसा जातो, आणि नेट गेलं तरी बिल निघतं. जीएसटीचं रिटर्न, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद), ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) ही कामंही तिथेच होतात. माझं मत विचाराल तर ज्यासाठी लोक ईआरपीकडे धावतात त्यातलं बरंचसं टॅलीत आधीपासून पडून आहे. गोदामनिहाय साठा, बॅच, कच्च्या मालापासून पक्क्या मालाची नोंद, सगळं आहे. वापरतं कोण? आपण बिल फाडतो आणि उधारी बघतो, बस्स.

क्लाउडचं गणित वेगळं. झोहो बुक्ससारखी सिस्टम दर वर्षाच्या भाड्याने मिळते, बॅकअपची चिंता बरीच कमी होते, आणि मालक दिल्लीत असो की लातूरला खरेदीला, बाकी कुणाकडे किती हे बसल्या जागी दिसतं. उत्पादनाच्या बाजूने मात्र हिशोबापुरती असलेली ही सिस्टम डाळमिलला तोकडी पडते. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याला ती चपखल बसेल. त्याचं उत्पादनच नाही. शेतातून घड कापले, ट्रक भरला, उत्तरेत गेला. ताज्या केळीवर जीएसटी नाही. त्याला हवा ट्रकनिहाय खर्च आणि उधारी, तीही बांधावरून. घेताना एवढंच विचारा की भाडं थांबवलं तर माझा जुना डेटा कोणत्या स्वरूपात हातात मिळेल. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. (टॅलीवाल्यांनी हसू नये. बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.)

कायद्याच्या दोन गोष्टी निवडीवर परिणाम करतात. फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहायलाच हवी, आणि ती बंद करता येता कामा नये. प्रोप्रायटरी किंवा भागीदारीला ही सक्ती नाही, पण भागीदार सख्खे भाऊ असतील तर ही नोंद चालू ठेवलेली बरी. दुसरी गोष्ट डाळमिलची खास. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅक केलेल्या, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या कट्ट्यावर नाही. म्हणजे एकाच तुरीची डाळ किलोच्या पाकिटात गेली तर करपात्र, ३० किलोच्या कट्ट्यात गेली तर करमुक्त. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर जीएसटी नोंदणी असलेल्या खरेदीदाराला फाडलेल्या पाकिटांच्या बिलांना ई-इनव्हॉइस, कट्ट्यांना नाही, आणि सामाईक खर्चावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही (वजावट) करपात्र आणि करमुक्त मालात विभागावं लागतं. डेमोला आलेल्याला एवढंच एक उदाहरण तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. निम्मे तिथेच "टीमला विचारून सांगतो" म्हणतात.

मग घ्यायचं काय? एक मिल, एक गोदाम, घरचाच माणूस काट्यावर असेल तर टॅलीच ठेवा, आणि ईआरपीच्या पैशातला थोडा भाग काटा कॉम्प्युटरला जोडण्यावर आणि लॉटची नोंद करणाऱ्या माणसाच्या पगारावर घाला. दोन युनिट झाली, स्वतःचा ब्रँड पाकिटात गेला, खरेदी चार बाजारांतून होऊ लागली, की ईआरपीचा विचार करा, त्याआधी नाही. निव्वळ व्यापार असेल तर क्लाउड.

बदल १ एप्रिललाच करा असं सीए सांगेल, आणि खात्यांपुरतं ते बरोबर आहे. पण त्या सुमाराला तुरीचा हंगाम जोरात असतो. साठ्याचा आणि उत्पादनाचा भाग पावसाळ्यात सुरू करा. उन्हाअभावी वाळवण मंदावतं, अंगण रिकामं असतं, आणि गोदामातला कट्टा न् कट्टा मोजून सुरुवातीचा साठा खरा टाकता येतो.