पिनकोडवरून बडोद्याचे नकाशे : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

शोधाच्या चौकटीत बडोद्याचा ३९०००१ हा पिनकोड नुसता टाकू नका. रशियातल्या रियाझान शहराचे टपाल क्रमांकही ३९०नेच सुरू होतात, त्यामुळे नकाशा भलत्याच देशात उघडू शकतो. क्रमांकापुढे ‘वडोदरा, भारत’ लिहिले की प्रश्न मिटतो.

झटपट कामाला गूगल मॅप्स पुरते. पिनकोड टाकला की परिसराभोवती सीमारेषा दिसते, जवळचे दवाखाने, एटीएम सापडतात. पण ती रेषा प्रमाण धरून वाटपाचे भाग ठरवू नयेत. १९७२मध्ये श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ही पद्धत आखली ती टपालाच्या वर्गवारीसाठी. पहिले तीन अंक वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन बटवडा करणारे टपाल कार्यालय. वॉर्डाच्या किंवा महापालिकेच्या हद्दीशी त्याचा संबंध नाही. भायली आता महापालिकेत आहे, तरी तिचा पिन ग्रामीण भागाचाच, ३९१४१० आहे. ‘३९०ने सुरू होणारे सगळे म्हणजे बडोदा शहर’ असा हिशेब धरला तर भायलीसारखी वस्ती सरळ गळते.

सीमा हवी असेल तर सरकारच्या खुल्या डेटा संकेतस्थळावरची, टपाल खात्याची देशभराच्या पिनकोड सीमांची जिओजेसन (नकाशातले आकार साठवण्याचा एक प्रकार) फाइल घ्यावी. आमच्या मते सर्वांत भरवशाची हीच. ती ब्राउझरमध्ये उघडायला जाऊ नका. देशातले १९ हजारांहून अधिक पिनकोड एकाच फाइलीत आहेत, साधा संगणक अडकतो. क्यूजीआयएस हे नकाशांचे फुकट सॉफ्टवेअर घ्या, फाइल थर म्हणून जोडा आणि पिनकोडच्या स्तंभावर ३९०००१ची गाळणी लावा. काहीच दिसले नाही तर स्तंभ मजकूर प्रकारचा आहे का ते पाहा. तसा असेल तर अंक अवतरणचिन्हांत हवेत. निवडलेला तुकडा वेगळा जतन केला की पुढचे काम हलके होते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. फाइल अक्षांश-रेखांशांत, म्हणजे अंशांत असते. त्यावरच ‘५०० मीटरचा परीघ’ काढायला ५०० लिहिले, तर सॉफ्टवेअर ते ५०० अंश समजते आणि वर्तुळ पृथ्वीबाहेर जाते. आधी तो तुकडा ईपीएसजी यादीतल्या ३२६४३ क्रमांकाच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) रूपांतरित करा. यूटीएम या, पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात बडोदा येते, म्हणून हा क्रमांक. आता क्षेत्रफळ आणि अंतर मीटरमध्ये मिळते.

दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या गल्ल्या आणि पोळांसाठी (अरुंद बोळांतल्या जुन्या वस्त्यांसाठी) पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा लावावा. पायवाटा तिथे नोंदवता येतात आणि चूक दिसली तर स्वतः दुरुस्त करता येते. या नकाशातल्या नोंदी शोधून देणाऱ्या ओव्हरपास टर्बो संकेतस्थळावर पिनकोडच्या टॅगने (नोंदीला जोडलेल्या माहितीने) इमारती शोधताना मात्र जपून. कोणी ‘३९०००१’ लिहिलेले असते, कोणी मध्ये जागा सोडून ‘३९० ००१’. नेमकी जुळणी मागितली तर दुसरी नोंद सुटते. शिवाय टॅग नसलेली घरे येणारच नाहीत. रिकाम्या उत्तरावरून तिथे घर नाही असे ठरवणे चूक.

एकाच वाड्यात चार दारे असतील तर पिनकोड अपुराच. तिथे टपाल खात्याचा २०२५चा डिजिपिन उपयोगी: १० अक्षरांचा संकेत, सुमारे ३.८ मीटरचा चौकोन. अरुंद पोळात मोबाइलचे स्थान याहून जास्त सरकते, म्हणून उपग्रह चित्रावर दाराची जागा हाताने निवडा. मजले त्यात कळत नाहीत. वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडाचा संकेत एकच येतो.

छापायचे असेल तर १:१०,००० प्रमाणात ए-४ कागदावर सुमारे २.१ बाय ३ किलोमीटर परिसर बसतो. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्त्यांचा श्रेयनिर्देश छापायला विसरू नका. परवान्याची ती अट आहे.