ऑफ-सीझनमध्ये पिचर घेताना: मोठा करार, छोटा करार की ट्रेड?

मेजर लीग बेसबॉलच्या नियमित हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात आणि सामन्यात साधारण नऊ इनिंग्ज (डाव), म्हणजे प्रत्येक संघाच्या पिचरांना (चेंडू फेकणाऱ्यांना) मिळून सुमारे १,४५० इनिंग्ज काढाव्या लागतात. त्यामुळे हिवाळ्यात पिचर घेताना तो किती चांगला आहे एवढेच पाहून भागत नाही. तो जायबंदी झाला तर किती वर्षांचे पैसे अडकून पडतील, हेही आधीच मोजावे लागते.

टेक्सास रेंजर्सने डिसेंबर २०२२ मध्ये मोठा आणि छोटा असे दोन्ही तऱ्हेचे करार एकाच महिन्यात केल्यामुळे तुलनेला हे उदाहरण फार सोयीचे आहे. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार दोनदा मिळवलेल्या जेकब डिग्रॉमला त्यांनी पाच वर्षांसाठी १८.५ कोटी डॉलर देऊ केले, तर नेथन इओवाल्डीला दोन वर्षांसाठी ३.४ कोटी. डिग्रॉमने सुरू केलेले सहाही सामने संघाने जिंकले खरे, पण २८ एप्रिल २०२३ रोजी यांकीजविरुद्ध चौथ्या इनिंगमध्येच तो मैदानाबाहेर गेला आणि जूनमध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला अस्थिबंध बदलण्याची) झाली. इओवाल्डीच्या कोपरावर तर ही शस्त्रक्रिया आधीच दोनदा झालेली होती, आणि तोही त्या उन्हाळ्यात काही आठवडे बाहेर बसला. तरीही प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) त्याने पाच विजय मिळवले. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, निर्णायक सामन्यात चार हिट आणि पाच वॉक (चार बाहेरच्या चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस) देऊनही सहा इनिंग्जमध्ये त्याने एकही धाव दिली नाही.

यावरून मोठा करार चुकलाच, असे मी म्हणणार नाही, कारण २०२५ मध्ये डिग्रॉमने ३० सामने सुरू केले आणि त्याचा ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी; जितका कमी तितका चांगला) २.९७ राहिला. मात्र असा करार फसल्यावर पुन्हा बाजारात उतरण्याची ऐपत हवी. रेंजर्सने जुलै २०२३ मध्ये मॅक्स शर्झर आणि जॉर्डन मॉन्टगोमेरी यांना आणले. प्रत्येक संघाला ते परवडत नाही.

छोटा करारही हमखास लागू पडतो असे नाही. बोस्टन रेड सॉक्सने २०२५ साठी वॉकर ब्यूलरला एका वर्षाचे २.१ कोटी डॉलर दिले, आणि ५.४५ ईआरए पाहून ऑगस्टमध्येच त्याला सोडले. तोटा झाला, पण एकाच वर्षाचा.

त्याच हिवाळ्यात बोस्टनने ट्रेड करून, म्हणजे चार होतकरू खेळाडू शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन, पिचर गॅरेट क्रोशेला घेतले. काइल टील आणि ब्रेडन मॉन्टगोमेरी हे ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत निवडलेले खेळाडू त्या चौघांत होते, तेव्हा सौदा स्वस्त नव्हताच. क्रोशेने २०५ इनिंग्ज आणि २५५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) दिले; पुढे त्याच्याशी १७ कोटी डॉलरचा सहा वर्षांचा करारही झाला. ज्या संघाकडे मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावरच्या लीगमध्ये) खेळाडूंची खरोखर रेलचेल आहे, त्याने आधी हीच वाट धरावी. ती रेलचेल नसेल आणि रोटेशनमध्ये (आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पिचरांमध्ये) एकच जागा रिकामी असेल, तर मी इओवाल्डीसारखा करार निवडेन.

बुलपेनबाबत, म्हणजे सामन्यात नंतर येणाऱ्या पिचरांबाबत, मात्र मला फारसा संभ्रम नाही: तिथे छोटाच करार बरा. बोस्टनने अरोल्डिस चॅपमनला एका वर्षासाठी घेतले आणि त्याचा ईआरए १.१७ राहिला, डॉजर्सने टॅनर स्कॉटशी चार वर्षांचा ७.२ कोटींचा करार केला आणि त्याने दहा सेव्ह गमावले (म्हणजे दहा वेळा संघाची आघाडी टिकवता आली नाही). २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये स्कॉट संघातही नव्हता, आणि सातव्या सामन्याच्या अखेरच्या इनिंग्ज आदल्याच दिवशी सामना सुरू केलेल्या योशिनोबू यामामोतोने काढल्या.