बारा सर्किटचं रेडिमेड वायरिंग किट: दिव्यांपुरतं उत्तम, इंजिनाकडे अर्धवट

धुळ्यात हायवेलगतच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुन्या ट्रकसाठी बारा सर्किटचं तयार वायरिंग किट मागितलं की काउंटरवरून एकच वाक्य येतं: "कोणत्याही गाडीला बसतं, भाऊ." बसतं हे खरं आहे. पण पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढवलेल्या ट्रकमध्ये ते कुठपर्यंत वापरायचं आणि कुठून पुढे कापून टाकायचं, हे पाकिटातल्या कागदावर नाही.

हे परीक्षण जुन्या पेट्रोल बेडफर्डमध्ये (जुना ब्रिटिश बनावटीचा ट्रक) टाटाचं 697 हे डिझेल इंजिन बसवण्याच्या कामापुरतं आहे. 697 या नंबरातच इंजिनाचं माप आहे. सहा सिलिंडर, 97 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास). 128 मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल) धरला की 5,675 सीसी. डिझेलचा पंप मेकॅनिकल, त्यामुळे कॉम्प्युटर किंवा सेन्सरची भानगड नाही. वायरी मोजक्याच, पण घोळ होतो तो नेमका त्या मोजक्या वायरींतच.

आधी चांगलं सांगू. फ्यूजबॉक्स नेटका आहे, पात्याचे फ्यूज घट्ट बसतात, झाकणाला रबर आहे. प्रत्येक वायरीवर वीतभर अंतराने तिचं काम छापलेलं आहे, त्यामुळे टेल, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न, वायपर ही ओढाओढ दोन माणसांत एका दिवसात उरकते. कापडी वेष्टणाची जुनी रबरी वायर हातात घेतली की भुगा होतो. तिच्यावर टेप गुंडाळत बसण्यापेक्षा बॉडीकडची सगळी वायरिंग या किटने बदलणं केव्हाही बरं. मात्र जुनी वायरिंग ओढून फेकण्याआधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा. रंग उडालेले असले तरी क्लिपखाली दबलेल्या भागात मूळ रंग शिल्लक असतो. लुकास (गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी कंपनी) पद्धतीच्या ब्रिटिश वायरिंगमध्ये तपकिरी म्हणजे बॅटरीवरून थेट, पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत, हिरवी म्हणजे किल्ली आणि फ्यूज दोन्हींतून आलेली, काळी म्हणजे अर्थ, म्हणजे चेसिसमार्गे बॅटरीकडे परतीची वाट.

आता वायर. लेबलवर हेडलाइटला 1.5 चौ.मिमी लिहिलंय. टोक सोलून तारा मोजल्या तर 0.25 मिमीच्या 22 भरल्या, म्हणजे जेमतेम 1.08 चौ.मिमी. खऱ्या 1.5 मध्ये अशा 30 तारा लागतात. हा फरक कागदावरचा नाही. 60 वॅटचे दोन बल्ब अप्परला 10 अँपिअर ओढतात. पाच मीटर वायरीत त्या 1.08 वर सुमारे 0.8 व्होल्ट गळतो आणि प्रकाश जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी होतो. हेडलाइटला 2.5 चौ.मिमीची वायर वेगळी घ्या. रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किटमध्ये एकच आहे; अप्पर आणि डिपरला दोन लागतात.

इंजिनाकडची शाखा मात्र सरळ कापून टाका. अशा जुन्या पेट्रोल गाडीत बॅटरी चार्ज करायला डायनामो असतो आणि त्याच्यामागे कटआउट, म्हणजे चार्जिंग सांभाळणारा डबा. नव्या इंजिनावर त्याच कामाला अल्टरनेटर आहे आणि त्याचा रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) बहुधा आतच असतो, म्हणून कटआउट आणि त्याला जाणाऱ्या डी आणि एफ या वायरी पूर्ण निघायला हव्यात. नुसत्या सैल सोडल्या तर कधीतरी बॉडीला टेकतात. किटने अल्टरनेटरच्या मुख्य टोकाला तीच बारीक वायर दिलीय. 65 अँपिअरच्या अल्टरनेटरला 16 चौ.मिमीची वायर आणि बॅटरीजवळ 80 अँपिअरचा फ्यूज, यापेक्षा कमी नको. डॅशबोर्डवरचा जुना 30-0-30 चा अँपिअर मीटर दिसायला कितीही देखणा असला तरी त्यातून हा करंट नेऊ नका. मीटर तापतो आणि त्याच्यामागची वायर आधी पेटते. त्याजागी व्होल्टमीटर लावा: इंजिन बंद असताना 12.6 च्या आसपास, चालू असताना 13.8 ते 14.4.

किटमधली सर्वांत फसवी वस्तू म्हणजे चार्जिंगचा लाल एलईडी. अल्टरनेटर जागा होतो तो या दिव्यातून जाणाऱ्या थोड्याशा करंटवर. जुना 2-3 वॅटचा बल्ब तेवढा करंट सोडतो, एलईडी सोडत नाही. मग गाडी सुरू होते, दिवा विझत नाही, आणि रेस जोरात दिली की अचानक चार्जिंग सुरू होतं. मिस्त्री अल्टरनेटर उघडून बसतात. दोष असतो या दिव्यात. बल्ब लावा, नाहीतर एलईडीला समांतर 68 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर जोडा.

सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) केबलचा किटमध्ये पत्ताच नाही. पेट्रोलची जुनी केबल 697 च्या सेल्फला पुरत नाही. 12 व्होल्टवर 70 चौ.मिमी घ्या, आणि तेवढीच जाड केबल इंजिन ब्लॉकपासून चेसिसला. हा अर्थ विसरला की सेल्फचा करंट परतीची वाट शोधतो आणि ती त्याला अॅक्सिलरेटरच्या किंवा स्पीडोमीटरच्या केबलमध्ये सापडते. केबल लाल होते, वेष्टण वितळतं, आणि लोक म्हणतात वायरिंग जळली. केबिन रबराच्या बुशवर बसलेली असते, तिलाही स्वतंत्र अर्थ द्या. तपासणी सोपी आहे: सेल्फ मारताना ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मल्टीमीटर धरा, 0.3 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ कच्चा.

डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून इग्निशन कॉइलला जाणारी पांढरी वायर आता रिकामी होते, पण किल्ली फिरवली की ती जिवंतच असते. टोक झाकून तिला रिलेच्या कामाला लावा. इंजिन बंद करायला ओढायची केबल असेल तर उत्तम. सोलेनॉइड (करंटवर दांडा ओढणारी कॉइल) लावणार असाल तर तो कोणत्या जातीचा हे आधी पाहा. करंट मिळाल्यावर बंद करणाऱ्या सोलेनॉइडला किटमधली 'इग्निशन' वायर जोडली तर किल्ली फिरवताच इंजिन बंदच राहील आणि कॉइल तापून जळेल.

खरेदीच्या आधी सेल्फ आणि अल्टरनेटरवरची पाटी वाचा. काढून आणलेलं इंजिन 24 व्होल्टच्या गाडीचं असू शकतं. तसं असेल तर हे 12 व्होल्टचं किट परत करा. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून 12 व्होल्ट काढायची युक्ती सर्रास चालते, पण त्यात एक बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चेसिसला जोडलेलंही सापडतं. ते न बघता अल्टरनेटर जोडला की त्याच्या आतले डायोड त्याच क्षणी गेले.

किटच्या कागदावर जुन्या 35 अँपिअरच्या काचेच्या फ्यूजजागी 35 चा पात्याचा फ्यूज सुचवलाय. हे चूक आहे. लुकासच्या काचेच्या फ्यूजवरचा 35 हा उडण्याचा आकडा. सतत सोसण्याचा त्याच्या निम्मा. तिथे 15 किंवा 20 पुरे.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेरच 45 अंश असतात. बॉनेटखाली, मॅनिफोल्डच्या (इंजिनातून तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला साध्या पीव्हीसीचा टिकाव लागत नाही. इंजिनाकडे 105 अंशांची वायर आणि काचतंतूची स्लीव्ह घ्या. गाडी जिनिंगला कापूस वाहणार असेल तर किटसोबतची जाळीदार स्लीव्ह नकोच. तिच्यात सरकी-कापसाचे तंतू अडकून बसतात, त्यांना ठिणगी पुरते. फ्यूजबॉक्स केबिनच्या आत, गुडघ्याच्या उंचीवर.

टेंपरेचर मीटर आणि त्याचा ब्लॉकमधला सेंडर (तापमान मोजून मीटरला कळवणारा भाग) जोडीनेच घ्या. जुन्या मीटरला नवा सेंडर जोडला तर काटा बहुधा खोटंच दाखवतो. डिझेल टाकीचा गेज जुनाच चालतो.

इंजिन बदलाची नोंद आरसी बुकात करून घ्यावी लागते, मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. इथे तर इंधनही बदलतंय, म्हणून एमएच-18, 19 किंवा 39 जे असेल त्या आरटीओत आधी विचारून मगच इंजिन उतरवा.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना निगेटिव्हच्या वाटेत 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब घाला, सगळे स्विच बंद ठेवून. बल्ब विझलेला राहिला तर तो काढून केबल घट्ट करा. भक्कन पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला बल्ब विझेल ती शाखा पकडा. एकही फ्यूज काढून विझला नाही, तर सेल्फ आणि अल्टरनेटरकडच्या जाड वायरी बघा.