इंजिनच्या उष्णतेवर अंघोळ: कॅम्पिंगच्या गाडीत बसवलेल्या शॉवर किटचा आढावा

निकाल आधीच सांगते. हा किट घ्यावा, पण त्यातला पंप बदलायची आणि एक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार पाणी मिसळून देणारी झडप) वेगळा आणायची तयारी ठेवून. किटचा गाभा म्हणजे स्टीलच्या पातळ पत्र्यांचा हीट एक्स्चेंजर, म्हणजे इंजिनची उष्णता पाण्याला देणारा ठोकळा, आणि तो उत्तम आहे. त्याच्याभोवती जे काही दिलंय त्यात मात्र हात आखडता घेतलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच घडणीचे किट कितीतरी नावांनी विकले जातात आणि हे सगळं त्या सगळ्यांना लागू पडतं.

चिखलात रुतलेली गाडी दोन तास उपसून काढल्यावर थंड पाण्याचे चार तांबे अंगावर घेऊन माणूस स्वच्छ होतो, पण त्याची हुडहुडी जात नाही. आमच्याबरोबर मुलगी यायला लागल्यापासून गरम पाणी ही माझ्या दृष्टीने चैन उरलेली नाही.

आधी बाकीचे मार्ग तपासले. बॅटरीवर पाणी तापवायचं तर 20 लिटर पाणी 15 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला सुमारे 0.6 युनिट वीज लागते. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत सगळी मिळून 1.2 युनिट. म्हणजे एका अंघोळीत अर्धी बॅटरी संपली, आणि फ्रिज अजून रात्रभर चालायचाय. काळी सोलर पिशवी स्वस्त आणि बिनबोभाट, पण तिला दुपारभर ऊन लागतं आणि आपण मुक्कामाला पोचतो संध्याकाळी. गॅसचा छोटा गीझर पाणी छान तापवतो, पण वाऱ्यात ज्योत विझते, सिलिंडर सांभाळत न्यावा लागतो आणि तंबूच्या आडोशाला लावला तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. इंजिन मात्र तापलेलंच असतं. त्याचं कूलंट, म्हणजे इंजिनला गार ठेवणारं द्रव, 80 ते 90 अंशांवर फिरत असतं आणि ती उष्णता रेडिएटरमधून हवेत फुकट जात असते.

हा किट तीच उष्णता उचलतो. केबिनच्या हीटरकडे जाणारा होज (रबरी नळी) कापून मध्ये एक्स्चेंजर बसवायचा. त्याच्या पत्र्यांच्या एका बाजूने कूलंट जातं, दुसऱ्या बाजूने उलट दिशेने अंघोळीचं पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. ठोकळा हाताच्या पंजाएवढा, वजनदार, सांधे तांब्याने झाळलेले आणि कडा कुठेही खरबरीत नाहीत. ब्रॅकेटची पट्टी जाड आहे. खडकाळ रस्त्यावर बॉनेटखाली काय हादरे बसतात ते ज्याला माहीत आहे त्याला या पट्टीचं मोल कळेल. आमच्या ब्रॅकेटचा एकही बोल्ट अजून सैल झालेला नाही.

बसवायचं काम मी आणि नवऱ्याने घरीच केलं, आणि ज्याला पाना धरता येतो त्याला ते जमेल. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच होज कापायचा, खाली पसरट भांडं ठेवायचं. कूलंट गोडसर असतं आणि विषारी असतं, त्यामुळे कुत्री-मांजरं आसपास असतील तर सांडलेला थेंबन् थेंब पुसायचा. किटमधले क्लॅम्प चालतील असे आहेत, पण होज एकदा तापून निवला की ते हमखास ढिले पडतात, म्हणून पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळायचे. माहितीपुस्तिकेत न लिहिलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: काही गाड्यांत केबिनचा हीटर बंद केला की त्या लाइनमधलं कूलंटच थांबतं. अशा गाडीत शॉवर घेताना हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवावी लागते. आणि नवीन कूलंट भरल्यावर लाइनमधली हवा नीट काढायची. हवा अडकली तर पाणी कोमटसुद्धा होत नाही आणि इंजिन तापायची भीती वेगळीच.

आता तक्रारीचा भाग. किटमधला पंप 12 व्होल्टचा डायफ्रॅम पंप आहे, दाब वाढला की आपोआप बंद होणारा. शॉवरचं तोंड पाणी वाचवणारं, मिनिटाला जेमतेम 3 लिटर सोडणारं. पंपाची क्षमता त्याच्या तिप्पट. परिणाम असा की पंप सुरू होतो, क्षणात दाब चढतो, पंप बंद पडतो, दाब उतरतो, पुन्हा सुरू. टक-टक-टक असा आवाज सतत. आवाजाचं सोडून देऊ, पण पंप थांबतो तेवढ्या वेळात एक्स्चेंजरमध्ये अडकलेलं पाणी कूलंटच्या तापमानाकडे चढत जातं आणि पुढची चिळकांडी कढत येते. लगेच मागोमाग गार. मुलीच्या खांद्यावर ती पहिली कढत धार पडली तेव्हा ती किंचाळलीच. 60 अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, आणि 85 अंशांच्या कूलंटशेजारी थांबलेलं पाणी तिथवर सहज जातं. असा किट मिक्सिंग व्हॉल्व्हशिवाय विकणं मला अजिबात पटत नाही.

आम्ही थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह लावला. पंपानंतर पाण्याच्या दोन वाटा केल्या, एक एक्स्चेंजरमधून जाणारी आणि एक थेट गार, दोन्हींवर पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि मिक्सिंग व्हॉल्व्ह 40 अंशांवर लावून ठेवला. पंपही बदलला. नवा पंप मागणीप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. आता धार एकसारखी येते आणि विसण घालायची कटकट नाही. पंपाला वायर मात्र जाड वापरा आणि फ्यूज बॅटरीजवळच लावा. बॉनेटपासून मागच्या दारापर्यंत बारीक वायर ओढली की वाटेतच व्होल्टेज पडतं आणि पंप कण्हायला लागतो.

गाडी उभी आणि इंजिन नुसतं आयडलिंगवर असताना पाणी किती तापेल, हे सगळे विचारतात. 3 लिटरच्या धारेला 25 अंशांनी तापवायला सव्वापाच किलोवॅट उष्णता लागते, म्हणजे 2 किलोवॅटच्या गीझरच्या अडीचपटीहून जास्त. नुकतीच चालून आलेली गाडी ते सहज देते. पण डिझेल इंजिन आयडलिंगवर फारसं तापत नाही, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या माणसाच्या वेळी पाणी निवायला लागतं. मग आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) 1200 च्या आसपास चढवावे लागतात.

यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे बादली. पंपाची ओढनळी बादलीत, गरम पाण्याची नळीही त्याच बादलीत, शॉवरचं तोंड काढून. पाणी फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीत थोडं तापतं. 15 लिटर पाणी पाच-सहा मिनिटांत अंगाला सोसेल असं होतं. हात घालून बघायचं, इंजिन बंद करायचं, आणि मग निवांत अंघोळ. पाण्याचा एक थेंब तापायची वाट बघण्यात वाया जात नाही, धुराचा त्रास नाही, कढत धारेची धास्ती नाही. मी आता बहुतेक वेळा हेच करते. ओढनळीच्या तोंडाला बारीक गाळणी हवीच. ओढ्याच्या पाण्यातली वाळू पंपाचे व्हॉल्व्ह खाऊन टाकते.

इंजिन चालू ठेवूनच शॉवर घेणार असाल तर सायलेन्सरचं तोंड वाऱ्याच्या खालच्या अंगाला येईल अशी गाडी लावा आणि आडोसा वरून उघडा ठेवा. साबणाचं पाणी ओढ्या-तळ्यापासून निदान 60 मीटर लांब पडू द्या, साबण कितीही निसर्गस्नेही असला तरी.

या लाइनचं पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला कधीच घेऊ नका. पंप चालू असताना पाण्याचा दाब बहुधा कूलंटपेक्षा जास्त असतो, पण पंप बंद आणि इंजिन गरम असताना उलट होतं. तेव्हा आतला एखादा सांधा फुटला तर कूलंट पाण्यात उतरेल. पिण्याची टाकी आणि तिचा नळ आम्ही पूर्ण वेगळा ठेवलाय.

आणि जिथे रात्री पारा शून्याखाली जातो तिथे झोपण्यापूर्वी एक्स्चेंजरमधलं पाणी काढलंच पाहिजे. कूलंट गोठत नाही, पण शेजारचं साधं पाणी गोठतं, फुगतं आणि पत्रे फाडतं. किटमध्ये त्यासाठी निचऱ्याचा नळ नाही. आम्ही सगळ्यात खालच्या जोडाला एक छोटा बॉल व्हॉल्व्ह लावला. तो उघडायचा, शॉवरची कळ उघडी ठेवायची आणि पंप अर्धा मिनिट कोरडा चालवायचा, डायफ्रॅम पंपाला तेवढं चालतं.