रिकर्व्ह की कंपाउंड? धनुष्याने शिकार शिकू पाहणाऱ्या गोमंतकीयासाठी

आधी कायद्याचं बोलू, कारण रिकर्व्ह आणि कंपाउंड या दोन प्रकारच्या धनुष्यांतली निवड त्यावरच ठरते. गोव्यात सांबर, चितळ, भेकर, पिसोरी यांतलं काहीही मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या इतकी व्यापक आहे की जनावर मेलंच पाहिजे असं नाही. पकडणं, हाकून आणणं, आमिष लावणं, फास टाकणं आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच धरलं जातं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अभयारण्यात, किंवा पिसोरीसारख्या अनुसूची एकमधल्या प्राण्याची, शिकार केली तर कैद किमान तीन वर्षं, आणि ती सात वर्षांपर्यंत जाते. म्हादई, मोलें, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव इथे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे, आणि कायद्यातल्या शस्त्रांच्या यादीत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. ही बंदी मला मनापासून योग्य वाटते. आपल्या रानात उरलेल्या सांबरांवर बिबट्याचा आणि वाघाचा हक्क पहिला.

मग हा आढावा कुणासाठी? एक, गोव्यातच राहून धनुर्विद्या शिकायची आहे आणि त्यातला शिकारीचा भाग, म्हणजे अंतर नजरेने ओळखणं, उतारावरून बाण सोडणं, जमिनीचा अंदाज घेणं, याची ओढ आहे, असा माणूस. त्याच्यासाठी फोमच्या प्राण्यांवर नेम धरण्याचा थ्री-डी आर्चरी हा रीतसर खेळ आहे. दुसरा, नोकरी-शिक्षणासाठी परदेशी जाणारा आणि तिथे कायदेशीर शिकार करण्याची इच्छा असलेला. या दोघांना एकच धनुष्य सुचवणं चूक ठरेल.

परदेशात जाणाऱ्यांनी देश आधी पाहावा. ब्रेक्झिटआधी गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर अनेक जण ब्रिटनला, स्विंडनसारख्या गावी गेले. ब्रिटनमध्ये धनुष्याने हरीण मारायला बंदी आहे, त्यामुळे तिकडे जाणाऱ्याने हा विचार खेळापुरताच ठेवावा. खुद्द पोर्तुगालमध्ये धनुर्धारी शिकाऱ्याची वेगळी परीक्षा असते. डेन्मार्कमध्येही नेमाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय परवानगी नाही. अमेरिकेत आणि कॅनडात प्रत्येक राज्याचे किंवा प्रांताचे नियम वेगळे, हंगाम वेगळे. न्यूझीलंडमध्ये हरणं एकोणिसाव्या शतकापासून बाहेरून आणून सोडलेली आहेत आणि ती तिथल्या जंगलाला जड झाली आहेत. त्यामुळे सरकारी रानात परवाना काढून त्यांची शिकार करायला मोकळीक बरीच आहे.

आता दोन धनुष्यांकडे येऊ. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं, ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते. कंपाउंडच्या टोकांना कॅम नावाची चाकं आणि त्यांवरून फिरणाऱ्या केबल्स असतात. मिसुरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलन यांना १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक दोरी पूर्ण ओढल्यावर बोटांना कळतो. ४० पाउंडाचं रिकर्व्ह पूर्ण ओढून धरलं की सुमारे १८ किलोंचा ताण बोटांवर आणि पाठीवर तसाच राहतो. ६० पाउंडाचं कंपाउंड ओढताना मध्ये २७ किलोंपर्यंत चढतं, पण चाकं फिरली की ८० टक्के भार उतरतो आणि हातात जेमतेम साडेपाच किलो उरतात.

शिकारीत या आकड्यांना फार अर्थ आहे. हरीण तुमच्या सोयीने उभं राहत नाही. तुम्ही दोरी ओढलीत आणि त्याने मान वर केली, तर ते पुन्हा चरायला लागेपर्यंत हलता येत नाही. कंपाउंडवर नवखा माणूसही अर्धा मिनिट थांबू शकतो. रिकर्व्हवर सात-आठ सेकंदांतच हात कापू लागतो आणि बाण सोडायची घाई होते. घाईत सुटलेला बाण पोटात लागतो आणि ते जनावर तासन् तास तडफडतं. या खेळात मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. बाण हृदय-फुप्फुसांतून गेला तर हरीण बहुधा थोडंसं धावून कोसळतं. त्यासाठी ते आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असावं लागतं. समोरून आलेल्या हरणावर नवशिक्याने बाण सोडूच नये.

वेगाचा मुद्दा लोक जरा चुकीच्या पद्धतीने मांडतात. कंपाउंडचा बाण सेकंदाला सुमारे ८५ मीटर जातो, शिकारी रिकर्व्हचा सुमारे ५५. म्हणून कंपाउंड ‘जास्त ताकदीचं’, असं सांगतात. पण दोरीचा आवाज ३४० मीटरच्या वेगाने बाणाच्या पुढे पळतो, आणि बिचकलेलं हरीण उडी मारण्यासाठी आधी खाली दबतं. ३० मीटरवर कंपाउंडचा बाण आवाजाच्या सुमारे पाव सेकंद मागून पोचतो. १८ मीटरवर रिकर्व्हचा बाणही जवळपास तेवढाच मागे असतो. म्हणजे हरणाला मिळणारा वेळ सारखाच. कंपाउंडने तुम्हाला मिळतात ती वरची बारा मीटर. ती बारा मीटर जवळ सरकायला अनुभवी शिकाऱ्यालाही कधी कधी अख्खी सकाळ लागते. वाऱ्याची दिशा, सुकलेला पाला, एका मादीचे टवकारलेले कान, सगळं त्या शेवटच्या टप्प्यात आड येतं.

शिकायला सोपं कुठलं? कंपाउंड. साइट (नेम धरायची खूण), दोरीतलं पीप (डोळ्यासमोर येणारं भोक) आणि दोरी सोडायचं ट्रिगरसारखं रिलीज यांमुळे काही महिन्यांच्या नियमित सरावात २० मीटरवर बाण एकत्र पडू लागतात. रिकर्व्ह, त्यातही साइट नसलेलं बेअरबो, तेवढाच नेम यायला कितीतरी जास्त काळ मागतं. पण ते शरीराला जे शिकवतं ते कंपाउंड शिकवत नाही. खांदा खाली ठेवणं, पाठीने ओढणं, अँकर, म्हणजे दोरी ओढलेला हात, दर वेळी जबड्याच्या त्याच जागी येणं, बाण सुटल्यावरही हात तिथेच राहणं, यांतलं काही चुकलं की रिकर्व्ह लगेच दाखवून देतं. कंपाउंड बऱ्याच चुका पोटात घालतं. दोन्ही वाटांनी मराठी मुलं जगात पोचली आहेत. साताऱ्याचे प्रवीण जाधव रिकर्व्ह घेऊन टोकियो ऑलिम्पिकला गेले. साताऱ्याचीच अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडचे जगज्जेते झाले, ओजस तर अंतिम फेरीत १५० पैकी १५० करून. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचाही समावेश झाला आहे.

गोव्याच्या हवेचा विचार मात्र दुकानदार करत नाही. इथल्या दमट, खाऱ्या हवेत कंपाउंडचे स्क्रू, अ‍ॅक्सल, केबल गार्ड जपावे लागतात. त्याची दोरी बदलायला धनुष्य दाबून धरणारं प्रेस हे यंत्र लागतं, आणि ते प्रत्येक गावात कुठून मिळणार? रिकर्व्हची दोरी तुम्ही घरीच स्ट्रिंगर लावून पाच मिनिटांत चढवता, उतरवता. लाकडी रायझरचं (मधला मुठीचा भाग) किंवा लाकडी पात्यांचं (वरखालच्या वाकणाऱ्या भुजा) रिकर्व्ह पावसाळ्यात दोरी उतरवून, कोरड्या खोलीत, आडवं ठेवावं. मे महिन्यात बंद गाडीत दोन्हींपैकी काहीही ठेवू नये, चिकटवलेले थर सुटू शकतात.

अजून एक घरगुती फरक. कंपाउंड तुमच्या हाताच्या मापाला बसवलेलं असतं. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि अडीचने भागा, ओढीचं माप साधारण तेवढं येतं. म्हणजे तुमचं कंपाउंड तुमच्या धाकट्या भावाला बहुधा जमणार नाही. रिकर्व्ह घरातले तिघे वापरू शकतात, आणि ताकद वाढली की फक्त पाती बदलायची. किंमतही कंपाउंडची कितीतरी पट, त्यात साइट, रेस्ट (बाण टेकायचा आधार), रिलीज वेगळं.

क्रॉसबोविषयी (बंदुकीसारखं धरायचं आडवं धनुष्य) थोडक्यात: परदेशात काही ठिकाणी तो चालतो आणि ज्यांच्या खांद्याला जोर देता येत नाही त्यांना तो उपयोगी आहे, पण त्याने धनुर्विद्या येत नाही. बांबूचं धनुष्य, आपल्याकडच्या इंडियन राउंडमध्ये ३० आणि ५० मीटरवर चालवतात ते, सुरुवातीला मुलांसाठी उत्तम. हरणाच्या विचाराने शिकणाऱ्याने त्यावर अडकून राहू नये.

माझा सल्ला असा. गोव्यातच राहणार असाल तर रिकर्व्ह घ्या, २० ते २४ पाउंडांचं, आणि सहा महिने ताकद वाढवायचा मोह टाळा. पुढे साइट काढून बेअरबो करा. थ्री-डीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बेअरबोला अंतर ३० मीटरपर्यंतच असतं आणि ते आधी सांगितलं जात नाही. शिकारीतला जो भाग तुम्हाला हवा आहे तो इथेच, कुणाचाही जीव न घेता मिळतो.

वर्ष-दोन वर्षांत परदेशी जाऊन खरोखर शिकार करायची असेल तर कंपाउंडच घ्या, पण हात घडवायला पहिले तीन महिने क्लबच्या रिकर्व्हवर काढा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी किमान ३० ते ४० पाउंड लागतात, आणि तेवढं कंपाउंड मध्यम बांध्याची बाईही ओढू शकते. रोमँटिक वाटतं म्हणून साइटशिवायचं धनुष्य घेऊन पहिल्याच हंगामात हरणामागे जाणं मला मान्य नाही.

तयारी झाली की नाही हे सरावाच्या शेवटच्या बाणाने ठरवू नका. सकाळी उठल्यावर, हात गरम न करता, जेवणाच्या छोट्या कागदी ताटलीवर, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटरच्या गोलावर, एकच बाण सोडा. सलग महिनाभर तो पहिला बाण ज्या अंतरावरून ताटलीत बसतो, तेच तुमचं शिकारीचं अंतर. कंपाउंडवर ते २५ मीटर निघालं तर २५, रिकर्व्हवर १२ निघालं तर १२.

सरावाची जागा निवडताना चिऱ्यांच्या गडग्यासमोर लक्ष्य मांडू नका. बाण उसळून परत येतो, नाहीतर आतून तडकतो. तडकलेला कार्बन बाण पुन्हा सोडला तर हातातच फुटून पंजात घुसू शकतो, म्हणून प्रत्येक बाण सोडण्याआधी हलका वाकवून आवाज ऐका. मागे मातीचा उंच बांध हवा, पलीकडे पायवाट नको. काजूच्या बागेत जागा असली तरी बोंडं वेचायच्या दिवसांत तिथे माणसं असतात, तेव्हा सराव बंद ठेवा. शिकारीची धारदार पाती, ब्रॉडहेड, इथे मागवू नका. ती परवाना मिळाल्यावर, त्या देशात, तिथल्या नियमांप्रमाणे घ्या आणि त्यांच्यासह साइट पुन्हा जुळवा, कारण सरावाच्या टोकांचा बाण आणि ब्रॉडहेडचा बाण बरेचदा एका जागी पडत नाहीत.